कुत्र्याचा रक्ताचा रिपोर्ट वाचताय? या चुका टाळा

कुत्र्याचा रिपोर्ट हातात आला की लोक आधी ठळक छापलेले आकडे शोधतात, तेवढ्याच ओळीचा फोटो काढतात आणि व्हॉट्सॲपवर टाकतात. मी प्राण्यांच्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते, त्यामुळे हे फोटो माझ्याकडेही येतात. ‘ताई, पेशी २८ हजार आल्यात, काय देऊ?’ कुत्र्याचं वय नाही, वजन नाही, कधीपासून जेवत नाही ते नाही, रिपोर्टची बाकीची पानंही नाहीत. औषध सांगणं माझं काम नव्हे, ते डॉक्टरांचं. पण त्याच त्या चुका बघून कंटाळा आलाय, म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवते.

माणसांचा रकाना कुत्र्याला लावणं

तालुक्याच्या गावी प्राण्यांची लॅब नसते, मग रक्त माणसांच्या लॅबमध्ये जातं. त्यात गैर काही नाही, दुसरा इलाज नसतो. गैर हे, की रिपोर्टवर उजवीकडे छापलेला ‘नॉर्मल’चा रकाना माणसाचा असतो आणि तोच कुत्र्याला लावला जातो. माणसाच्या पांढऱ्या पेशी ४ ते ११ हजार, कुत्र्याच्या ६ ते १७ हजार. म्हणजे १४ हजारांवर ‘हाय’ छापून येतं आणि धडधाकट कुत्र्याला अँटिबायोटिक सुरू होतं. कुत्र्याची लाल पेशी मुळातच लहान. तिचं एमसीव्ही, म्हणजे पेशीचं सरासरी आकारमान, साधारण ६० ते ७७, माणसाचं ८० ते १००. त्यामुळे त्या कागदावर जवळजवळ प्रत्येक कुत्र्याला लोहाची कमतरता निघते आणि टॉनिक विकणाऱ्याचं भलं होतं.

असा रिपोर्ट आला की मी आधी तो रकाना पेनाने आडवा खोडते आणि शेजारी कुत्र्याचे आकडे लिहिते. मशीनला कुत्र्याची सेटिंगच नसेल तर मोजणीवरही फार विसंबू नका. रक्त काढतानाच काचेवर थेंब पसरून दोन काचपट्ट्या करून मागा आणि त्या प्राण्यांच्या डॉक्टरांकडे पोचवा. आणि पिल्लाला मोठ्या कुत्र्याचा रकानाही लावू नका. वाढत्या हाडांमुळे पिल्लाचं अल्कलाइन फॉस्फटेज हे लिव्हर आणि हाडांतलं एन्झाइम जास्तच असतं आणि हिमोग्लोबिन थोडं कमी. त्याला लिव्हरचा आजार म्हणत नाहीत.

प्लेटलेट्सचा आकडा बघून धाव ठोकणं

ही माझी खास दुखरी नस. डेंग्यूने आपल्याकडे ‘पेशी कमी झाल्या’ या तीन शब्दांची अशी धास्ती बसवलीय की रिपोर्टवर दुसरं काही छापलेलं असतं हेच माणसं विसरतात.

कुत्र्याच्या प्लेटलेट्स साधारण २ ते ५ लाख. त्या कमी होण्याचं आपल्याकडचं नेहमीचं कारण म्हणजे गोचीडताप, म्हणजे बहुतेक वेळा गोचिडातून येणारा एर्लिकिया हा जंतू. हे खरं. पण प्लेटलेट्स कमी नसतानाही कमी दिसतात, आणि ते जवळपास रोज घडतं. कुत्रा हिसके देतोय, शीर सापडत नाही, सुई दोनदा खुपसली, रक्त थेंब थेंब आलं, जांभळ्या झाकणाची नळी भरल्यावर कुणी हळूच उलटीपालटी केली नाही. मग प्लेटलेट्स एकमेकींना चिकटतात. मशीन त्या गठ्ठ्याला एक तरी धरतं, नाहीतर सोडून देतं. छापून येतं ११ हजार.

एका उन्हाळ्यात जुली नावाची गावठी कुत्री आली होती, पाचेक वर्षांची. महिनाभर मधूनमधून उलट्या, कधी जुलाब, मागचे पाय लटपटायचे, सलाईन लावलं की दोन दिवस बरी. बाहेरच्या एका लॅबच्या रिपोर्टवर प्लेटलेट्स ११ हजार. झालं. घरात पपईच्या पानांचा रस काढून सिरिंजने दिवसातून तीनदा पाजणं सुरू झालं. जी कुत्री आधीच ओकतेय तिला तो कडू रस! त्या घरातले काका चिंचवडहून कुणाचातरी लॅब्राडोर रक्त द्यायला घेऊन निघालेसुद्धा.

मी नवीन रक्त घेऊन काचपट्टी केली. पट्टीच्या निमुळत्या टोकाला प्लेटलेट्सचे ढीगच्या ढीग. मोठ्या लेन्सखाली तेल घालून बघितलं तर एका दृश्यात दिसणारी एक प्लेटलेट म्हणजे रक्तात अंदाजे १५ हजार. गठ्ठे सोडूनही दर दृश्यात दहा-बारा होत्या. म्हणजे भरपूर. पेशींचा प्रश्नच नव्हता.

मग रिपोर्टचं दुसरं पान उलटलं. ते कुणीच उलटलं नव्हतं, कारण त्यावर ‘प्लेटलेट’ हा शब्द नव्हता. सोडियम १२८, पोटॅशियम ६.९. एकाला दुसऱ्याने भागलं तर येतात साडेअठरा. निरोगी कुत्र्यात हा भागाकार २७ च्या वर असतो.

पोटॅशियम एवढं वाढलेलं दिसलं की मी आधी कॅल्शियम बघते. जांभळ्या नळीत रक्त गोठू नये म्हणून ईडीटीए हे रसायन असतं, त्यात पोटॅशियम असतं आणि ते कॅल्शियम खाऊन टाकतं. त्या नळीचा थेंब लाल झाकणाच्या, म्हणजे सीरमच्या नळीत पडला तर पोटॅशियम खोटं वाढतं, पण सोबत कॅल्शियम कोसळतं. जुलीचं कॅल्शियम जागच्या जागी होतं, सीरमही (पेशी वेगळ्या केल्यावर उरणारं रक्ताचं पाणी) लालसर नव्हतं, म्हणजे पेशी फुटलेल्या नव्हत्या. आणि एवढी आजारी असून पांढऱ्या पेशींमध्ये ताणाची काही खूण नाही. आजारी कुत्र्याच्या रक्तात एरवी न्यूट्रोफिल वाढतात, लिम्फोसाइट आणि इओसिनोफिल घटतात. इथे लिम्फोसाइट मजेत. मी डॉक्टरांना फोन केला. ते एवढंच म्हणाले, ‘ठोके मंद वाटत होतेच.’ कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाचं संप्रेरक, तपासलं, जवळजवळ शून्य. ॲडिसन्स, म्हणजे मूत्रपिंडाशेजारच्या ॲड्रिनल ग्रंथी काम सोडून बसलेल्या. औषध सुरू झालं आणि कुत्री उभी राहिली. चिंचवडचा लॅब्राडोर तोवर आमच्या व्हरांड्यात पंख्याखाली झोपला होता.

म्हणून प्लेटलेट्स कमी आल्या की एकच प्रश्न विचारा: ‘काचपट्टीवर बघून खात्री केली का?’ रिपोर्टच्या तळाला तसं लिहिलेलं नसेल तर तो आकडा मी आकडा मानत नाही.

खरोखर कमी असतील तर मात्र रेंगाळू नका. ३० हजारांच्या खाली आपोआप रक्तस्राव व्हायची भीती असते. हिरड्यांवर, पोटाच्या कातडीवर लाल ठिपके, नाकातून रक्त, डांबरासारखी काळी शी दिसली की त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. पपईच्या पानांनी एर्लिकिया मरत नाही, डॉक्सिसायक्लिनने मरतो, आणि तो कोर्स साधारण २८ दिवसांचा असतो. आठव्या दिवशी पेशी दीड लाख झाल्या म्हणून गोळ्या बंद करणारे आणि दोन महिन्यांनी परत येऊन ‘औषध लागू पडलं नाही’ म्हणणारे लोक एकच असतात. त्यांच्याशी वाद घालणं मी सोडून दिलंय. कोर्स संपल्यावर पट्टीची झटपट टेस्ट परत करून ‘अजून पॉझिटिव्हच’ म्हणून रडायचंही कारण नाही. ती टेस्ट अँटिबॉडी बघते आणि अँटिबॉडी कित्येक महिने राहतात.

लघवी न तपासता किडनीचा निकाल लावणं

क्रिएटिनिन, म्हणजे किडनीने गाळून टाकायचा रक्तातला कचरा, २.३ आलं की घरात सुतक. मटण बंद, अंडं बंद, दहीभात सुरू. आधीच न जेवणारं जनावर त्यामुळे अजून खंगतं.

उलट्या-जुलाबांनी सुकलेल्या कुत्र्याचं युरिया आणि क्रिएटिनिन किडनी ठणठणीत असतानाही वाढतं, कारण तिच्याकडे रक्तच कमी पोचतं. किडनी बिघडलीय की नुसतं पाणी कमी पडलंय, हे रक्त सांगत नाही, लघवी सांगते. लघवीची घनता, म्हणजे स्पेसिफिक ग्रॅव्हिटी, १.०३० च्या वर असेल तर किडनी पाणी राखण्याचं काम करतेय. सुकलेल्या कुत्र्याची लघवी १.०१० च्या आसपास पातळ असेल तर मात्र काळजी करा. एका रिफ्रॅक्टोमीटरचं (घनता मोजायचं छोटं उपकरण) आणि दोन थेंबांचं काम. पण ती लघवी सलाईन लावायच्या आधीची हवी. सलाईन चढल्यावर ती पातळच येणार, मग त्या आकड्याला अर्थ उरत नाही. लोक नेमकं हेच विसरतात. मी सगळ्यांना सांगते, घरून निघतानाच लघवी घेऊन या. लांब दांड्याची जुनी पळी घ्या, सकाळी कुत्र्याने पाय वर केला की खाली धरा आणि स्वच्छ डबीत ओता. चार वेळा पळी हुकेल, पाचव्यांदा जमेल. ‘आमचा करूच देत नाही’ असं पहिल्याच दिवशी सांगू नका.

उलटही तेवढंच खरं. क्रिएटिनिन नॉर्मल म्हणजे किडनी नॉर्मल, असं नाही. साधारण तीन-चतुर्थांश किडनी कामातून गेल्यावर ते हलतं. म्हातारा, हाडं दिसणारा कुत्रा असेल तर त्याच्या अंगात स्नायूच नाहीत, क्रिएटिनिन तयार होणार कुठून? तिथे एसडीएमए ही किडनीची दुसरी रक्ततपासणी करून घ्या, ते आधी सांगतं. आणि ‘किडनी स्टेज ३’ वगैरे शिक्का पहिल्या दिवशीच्या आकड्यावर मारायचा नसतो. कुत्र्याचं पाणी भरून निघाल्यावर, तब्येत स्थिरावल्यावरच्या आकड्यावर मारतात.

पावसाळ्यात किडनी आणि लिव्हर दोन्हींचे आकडे एकदम चढले तर ‘वय झालं’ म्हणू नका, लेप्टोचं विचारा. अशा कुत्र्याची लघवी पुसताना हातमोजे घाला, लेप्टो माणसालाही होतो. आणि डॉक्टरांनी ‘घरचं काही औषध दिलं का?’ विचारलं की खरं सांगा. अंगदुखीची माणसांची गोळी, वाटीभर द्राक्षं, मूठभर मनुका, सगळं सांगा. इबुप्रोफेन आणि द्राक्षं कुत्र्याची किडनी बसवू शकतात. कांद्याने तर लाल पेशीच फुटतात, तेव्हा उरलेले कांदेपोहे मायेने खाऊ घातले असतील तर तेही.

बाकीच्या, थोडक्यात

पोटभर जेवलेल्या कुत्र्याचं रक्त आणू नका. सीरम दुधासारखं येतं आणि अर्धे आकडे बिघडतात. दहा-बारा तास उपाशी ठेवा, पाणी चालेल. छोटं पिल्लू किंवा मधुमेही कुत्रा असेल तर उपास डॉक्टरांना विचारूनच.

उड्या मारणाऱ्या कुत्र्याची साखर ३८? रक्त तसंच नळीत कित्येक तास पडून राहिलं असणार. पेशी साखर खात बसतात.

अल्कलाइन फॉस्फटेज ९०० आलं की लिव्हर टॉनिक सुरू करण्याआधी आठवा, खाजेसाठी प्रेडनिसोलोन चालू होतं का? स्टिरॉइडने कुत्र्यात हे एन्झाइम वाढतंच, कानात घालायच्या थेंबांतल्या स्टिरॉइडनेही वाढू शकतं. आणि एसजीपीटी हे लिव्हरचं एन्झाइम लिव्हरला इजा झाल्याचं सांगतं, लिव्हर काम किती करतंय ते नाही. त्यासाठी अल्ब्युमिन, साखर, युरिया, गरज पडली तर बाइल ॲसिडची तपासणी.

सुकलेल्या कुत्र्याचं हिमोग्लोबिन फसवं असतं. रक्त आटून घट्ट झालेलं, म्हणून आकडा बरा दिसतो. सलाईननंतर तो खाली येतो आणि मालक म्हणतात, ‘सलाईनने रक्त कमी केलं.’ कमी आधीच होतं. मी नेहमी हिमोग्लोबिनबरोबर टोटल प्रोटीन वाचते. दोन्ही वर असतील तर आधी पाणी भरून घ्या, मग बोलू.

‘रक्तात जंतू दिसले नाहीत’ म्हणजे जंतू नाहीत, असं धरू नका. बबेसिया गिब्सोनी हा लाल पेशींत राहणारा परजीवी इतका बारीक असतो की पहिल्या पट्टीवर सहज निसटतो. कानाच्या टोकाच्या थेंबाची पट्टी केली तर सापडायची शक्यता वाढते, पीसीआर केलं तर आणखी. लघवी गडद, हिरड्या फिक्या आणि पट्टी स्वच्छ, असं असेल तर पीसीआरचे पैसे वाचवू नका.

शेवटची, अधीर मालकांची. काल गोळी सुरू केली, आज परत सीबीसी, म्हणजे पेशींची मोजणी, करा. रक्त गेल्यावर नव्या लाल पेशी रक्तात दिसायलाच तीन ते पाच दिवस लागतात. दुसऱ्या दिवशी रेटिक्युलोसाइट, म्हणजे या नव्या लाल पेशी, मोजून ‘हाडांतली मज्जा काम करत नाही’ असा निष्कर्ष काढणाऱ्यांना मी परत पाठवते. कुत्र्याच्या अंगात किलोमागे जेमतेम ८०-९० मिली रक्त असतं. चार किलोच्या पॉमेरेनियनला आधीच ॲनिमिया असताना रोज तीन मिली काढायला लावणाऱ्यांनी हा गुणाकार घरी करून मग यावं. परत तपासणी करायचीच तर डॉक्टरांनी सांगितलेल्या दिवशी, त्याच लॅबमध्ये, त्याच मशीनवर, आणि जुना रिपोर्ट सोबत घेऊन.