कमी पैशांत घटस्फोट घेताय? या चुका टाळा

मागच्या पावसाळ्यात एक ताई आमच्या मदतकक्षात आल्या. तीन घरी पोळ्या करतात. प्लास्टिकच्या पिशवीतून त्यांनी घड्यांवर फाटत आलेला शंभर रुपयांचा स्टॅम्पपेपर काढला. दोघांच्या सह्या, दोन साक्षीदार, नोटरीचा लाल शिक्का, आणि ‘आजपासून आमचा एकमेकांशी संबंध राहिला नाही’ असं टाइप केलेलं. त्या कागदाचे त्यांनी पाच हजार मोजले होते. दुसरं लग्न ठरत होतं, म्हणून ‘कागद बरोबर आहे ना’ एवढंच विचारायला आल्या होत्या. मला सांगावं लागलं की ताई, कायद्याने तुम्ही अजून त्यांच्याच पत्नी आहात.

नोटरीसमोर घटस्फोट होत नाही. हिंदू विवाह कायदा 1955 प्रमाणे त्याला कोर्टाचा हुकूमनामाच लागतो. काही समाजांत काडीमोडाची रूढी आहे आणि कायदा ती मानतो, पण कोर्टात ती रूढी सिद्ध करावी लागते आणि ते सोपं नाही. नुसत्या स्टॅम्पपेपरच्या भरवशावर दुसरं लग्न केलं तर ते लग्न रद्दबातल ठरतं, शिवाय भारतीय न्याय संहितेच्या कलम 82 खाली सात वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते.

असा कागद करून बसला असाल तर तो फाडू नका. तुम्ही कधीपासून वेगळे राहता हे त्यावरून दाखवता येतं. समोरचा तयार असेल तर हिंदू विवाह कायद्याच्या कलम 13-ब खाली संमतीने अर्ज करा. त्यासाठी निदान एक वर्ष वेगळं राहिलेलं असावं लागतं. अर्जानंतर सहा महिने थांबायचं असतं, पण दीड वर्षाहून जास्त वेगळे राहत असाल आणि पोटगी-मुलांचं सगळं मिटलं असेल, तर ही मुदत माफ करण्याचा अधिकार कोर्टाला आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने 2017 मध्ये सांगितलं. माफीचा वेगळा अर्ज द्यावा लागतो. तो द्यायचाच राहून जातो.

वकिलासाठी दागिने गहाण ठेवणं

हे पाहिलं की जीव तुटतो, कारण मोफत वकील त्याच कोर्टाच्या आवारात मिळतो. जिल्ह्याला जिल्हा विधी सेवा प्राधिकरण असतं, तालुक्याला तालुका विधी सेवा समिती. स्त्रियांना, अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना आणि दिव्यांगांना उत्पन्नाची अट नाही. बाकीच्या पुरुषांना महाराष्ट्रात वर्षाला तीन लाखांची मर्यादा आहे, त्यांनी तहसीलचा दाखला आणावा. कुठे जायचं कळत नसेल तर 15100 या क्रमांकावर फोन करा. घटस्फोट आणि पोटगीच्या प्रकरणांत स्त्रियांना महाराष्ट्रात 1994 पासून कोर्ट फी माफ आहे. त्या नावाखाली कुणी पैसे मागितले तर देऊ नका.

‘फुकटचा वकील लक्ष देत नाही’ ही तक्रार मी रोज ऐकते, आणि कधीकधी ती खरी असते. तेव्हा घरी बसून चिडू नका. प्राधिकरणाच्या सचिवांना तारखांसह लेखी अर्ज द्या आणि वकील बदलून मागा. वकील पैसे मागत असेल तर तेही त्यात लिहा. अर्जाच्या प्रतीवर पोचेचा शिक्का घ्यायला विसरू नका.

पोटगीचं ‘नंतर बघू’

निकालाला वर्षं लागू शकतात, घरभाडं दर महिन्याला लागतं. म्हणून केस चालू असतानाच अंतरिम पोटगी आणि केसचा खर्च मागा. हिंदू विवाह कायद्याच्या कलम 24 खाली हे दोन्ही मागता येतं. घटस्फोट नको असेल तरी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 144 खाली पोटगीचा वेगळा अर्ज करता येतो. जुन्या कायद्यातलं 125 कलम ते हेच.

सोबत उत्पन्न आणि मालमत्तेचं प्रतिज्ञापत्र दोघांनाही द्यावं लागतं. इथे बायका ‘उत्पन्न शून्य’ लिहितात आणि उलटतपासणीत पासबुकातल्या जमा अडचणीत आणतात. धुण्याभांड्याचे सहा हजार मिळत असतील तर सहा हजारच लिहा. तेवढ्याने पोटगीचा हक्क जात नाही, खोटेपणाने मात्र सगळ्याच बोलण्यावरचा विश्वास उडतो.

कलम 144 ची पोटगी थकली तर एका वर्षाच्या आत वसुलीचा अर्ज टाका. त्याहून जुन्या थकबाकीसाठी या कलमाखाली वॉरंट निघत नाही. ‘देईल हळूहळू’ म्हणत थांबलेल्यांचे इथेच पैसे बुडतात.

संमतीच्या घटस्फोटात रक्कम ठरली असेल तर शेवटच्या जबाबाआधी डिमांड ड्राफ्ट कोर्टात दाखवायला लावा. ‘पुढच्या महिन्यात देतो’ यावर सही करू नका. मुलांच्या खर्चाचा हक्क त्यांचा स्वतःचा आहे, तो आईला सोडून देता येत नाही.

नोटीस न घेणं, तारीख चुकवणं

नोटीस नाकारली तर ती मिळाली असंच कोर्ट धरतं आणि केस एकतर्फी चालते. एकतर्फी निकाल लागला असेल तर तो रद्द करून घ्यायला तीस दिवसांत अर्ज करा. रोजंदारी बुडवून दरवेळी तारीख विचारायला जाण्याचीही गरज नाही. वकिलाकडून केसचा सोळा अक्षर-अंकांचा सीएनआर क्रमांक घ्या, ई-कोर्ट्स ॲपमध्ये पुढची तारीख फुकट दिसते. नवऱ्याने दूरच्या गावी केस टाकली असेल तर बदलीचा अर्ज करता येतो. स्वतः केस टाकताना बाई आज जिथे राहते तिथल्या कोर्टात टाकू शकते, लग्नाच्या गावी जायची सक्ती नाही.

हुकूमनामा झाला की नकलेचा अर्ज त्याच दिवशी द्या. भांडून झालेल्या घटस्फोटात अपिलाचे 90 दिवस संपेपर्यंत दुसरं लग्न करू नका. त्या ताईंची नक्कल यंदा हाती आली, आणि तो जुना स्टॅम्पपेपर वेगळं राहिल्याच्या पुराव्यात लागला. दोघींनी मिळून तिच्या तीन झेरॉक्स काढल्या. दुकानदार लॅमिनेशन करून देत होता, मी नको म्हटलं. पुढे कुठल्या कार्यालयाला मूळ शिक्का तपासायचा असेल, तर कागद मोकळाच हवा.