सेकंडहँड केटीएम ३९० ड्यूक घेताय? आधी कूलंट बघा

गेल्या महिन्याभरात ओळखीतल्या तीन-चार पोरांनी एकच प्रश्न विचारला, दादा जुनी ३९० घेऊ का, म्हणून म्हटलं एकदा बसून सगळं लिहूनच काढू. घ्या. मनापासून सांगतो, चांगली ठेवलेली मिळाली तर त्या पैशात इतकी मजा देणारी दुसरी नेकेड (पुढे-बाजूला प्लास्टिकचं आवरण नसलेली) बाईक आपल्याकडे नाही. फक्त चांगली ठेवलेली कुठली हे चकाचक रंग आणि कमी रनिंग बघून कळत नाही, त्या इंजिनाने आजवर उष्णता कशी सोसलीय त्यावरून कळतं, आणि ते बघायला कूलंटपासून, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवापासून, सुरुवात करावी लागते.

कारण साधं आहे. एकच सिलिंडर, ३७३ सीसी, आणि त्यातून ४३ पीएसच्या वर ताकद. कम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये मिश्रण किती पट दाबलं जातं ते, १२ च्या वर. चाकणला बनणारी ही गाडी वजनाला हलकी आहे म्हणून ती अशी उसळते, पण एका पिस्टनकडून एवढं काम घेतलं की उष्णता प्रचंड तयार होते आणि ती बाहेर काढायला पुढच्या चाकामागे एक छोटासा उघडा रेडिएटर. त्याच्यावर चाकाने उडवलेला चिखल, खडी, सगळं येऊन बसतं. वर मे महिन्यात हिंजवडीचं संध्याकाळचं ट्राफिक. कूलंट कमी असेल किंवा पंखा फिरत नसेल तर आधी हेड गॅस्केट (इंजिनाचं वरचं झाकण, म्हणजे हेड, आणि सिलिंडर यांच्यामधलं सील) जातं, तरी चालवत राहिलात तर हेड वाकतं.

माझ्या बाबतीत हेच झालं. पहिली ३९० घेतली तेव्हा गाडी दिसायला नवीकोरी होती, १८ हजार रनिंग, नवा टायर, मी टाकीवरून हात फिरवला आणि तिथेच टोकन देऊन मोकळा झालो. आधीच्या मालकाने कूलंट कमी झालं की नळाचं पाणी ओतलं होतं, कितीदा ते त्यालाच माहीत. उन्हाळ्यात कात्रजचा घाट चढताना मीटरवरच्या टेम्परेचरच्या कांड्या वर गेल्या आणि परत खालीच येईनात. हेड उतरवलं, आत पाण्याच्या वाटा गंजाने भरलेल्या, हेड लेथवर घासून घ्यावं लागलं आणि पुढचे दोन महिने माझा पगार गॅरेजमध्येच जात होता. घेतानाच कूलंटच्या टाकीचं झाकण उघडून बघितलं असतं तर दोन मिनिटांत कळलं असतं, ते पाणी तांबूस होतं.

तर गाडी बघायला जाल तेव्हा आधी फोन करून मालकाला सांगा की दादा, मी येईपर्यंत स्टार्ट करू नका. पोचल्यावर इंजिनाला हात लावून बघा. गरम लागलं तर गाडी का तापवून ठेवली ते विचारा, आणि उत्तर पटलं नाही तर दुसऱ्या दिवशी सकाळी परत या. थंड इंजिनावरच खरं काय ते कळतं. थंड असतानाच रेडिएटरचं झाकण उघडा (गरम असताना चुकूनही नाही, वाफेने हात भाजतो), आत कूलंट काठोकाठ आणि स्वच्छ पाहिजे. रंग कंपनीप्रमाणे वेगळा असतो त्यामुळे रंगावर जाऊ नका, तांबूस गाळ किंवा वर तेलाचा तवंग दिसला तर नमस्कार करून निघा. मग झाकण उघडंच ठेवून मालकाला स्टार्ट करायला सांगा आणि आत बघत राहा. सुरुवातीला एखाद-दोन बुडबुडे येतील ते सोडा, पण एकसारखे बुडबुडे येतच राहिले तर सिलिंडरमधला गॅस कूलंटमध्ये शिरतोय, म्हणजे हेड गॅस्केट गेलंय. मग झाकण लावून वॉटर पंपाच्या खाली बोट फिरवून बघा, ओलं लागलं तर सील गेलंय. हेड आणि ब्लॉकच्या जोडावर तेल किंवा कूलंट पाझरल्याचे डाग आहेत का तेही टॉर्च मारून बघा.

आता गाडी स्टँडवर तशीच चालू ठेवा. घाई करू नका, मालक कंटाळला तरी चालेल. कांड्या चढतील आणि थोड्या वेळाने पंखा सुरू व्हायला पाहिजे, आणि महत्त्वाचं म्हणजे पंखा सुरू झाल्यावर टेम्परेचर स्थिर राहायला किंवा खाली यायला पाहिजे. पंखा फिरतोय तरी कांडी चढतेच आहे म्हणजे एकतर रेडिएटर चोंदलाय नाहीतर आतलं दुखणं मोठं आहे. सायलेन्सरमधून गरम झाल्यावरही पांढरा, गोडसर वासाचा धूर येत असेल तर कूलंट जळतंय. निळसर धूर म्हणजे ऑइल जळतंय. इंजिनाचा आवाजही ऐका, स्टार्ट करताक्षणी दोन-तीन सेकंद खडखड होऊन थांबली तर ठीक, पण टायमिंग चेनची (इंजिनाच्या आतली साखळी) खडखड चालूच राहिली तर ती चेन आणि तिला ताणून ठेवणारा टेन्शनर यांचा खर्च धरून चाला.

इंजिन पास झालं की बाकीची गाडी, आणि यात मुख्य म्हणजे पडझड आणि व्हीली. ३९० हातात आली की पोरं पुढचं चाक उचलतातच, आणि दरवेळी चाक आपटलं की मार खातो तो कोनसेट (हँडल ज्यावर फिरतं ते बेअरिंग) आणि पुढच्या शॉकअपचे ऑइल सील. हँडल हळूहळू डावीकडून उजवीकडे फिरवा, मधोमध खाचेत अडकल्यासारखं वाटलं तर कोनसेट गेला. पुढचा ब्रेक दाबून गाडी पुढे-मागे हलवा, टकटक जाणवली तरी तेच. शॉकअपचा चकचकीत रॉड फडक्याने पुसून चार-पाच वेळा जोरात दाबा, तेलाची रिंग उमटली की सील बदलायचे. पडलेली गाडी ओळखायला हँडलची टोकं, लिव्हरची टोकं आणि फूटपेग बघा. आणि हँडल पूर्ण वळवल्यावर फ्रेमला जिथे टेकतं तो स्टॉपर बघायला विसरू नका, तो चेपलेला किंवा तुटलेला असेल तर गाडी जोरात आपटलीय. तिथेच जवळ चॅसी नंबर असतो, तो आरसीशी एकेक अक्षर लावून बघा. फ्रेमच्या वेल्डिंगपाशी रंग तडकलाय किंवा तेवढ्याच भागावर नवा रंग मारलाय तर गाडी सोडा.

चेन मागच्या स्प्रॉकेटवरून (दातेरी चकती) बोटाने मागे ओढा, दातापासून सुटून वर येत असेल तर चेनसेट संपलाय. टायरवर चार आकडे असतात, २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. पाच-सहा वर्षांचा टायर खाचा भरपूर दिसत असल्या तरी मी वापरत नाही, रबर कडक झालेलं असतं आणि ओल्या रस्त्यावर या गाडीची ताकद त्याला झेपत नाही. चांगल्या टायरची जोडी महाग पडते, तेवढे पैसे किमतीतून कमी करून मागा. रनिंग खरं आहे का हे मीटरवरून ठरवू नका, ब्रेकच्या डिस्कच्या कडेला बोट लावा, वीस हजाराच्या आत सांगतायत आणि डिस्कला खोल काठ पडलाय तर मीटरचं आणि गाडीचं जुळत नाही. सर्व्हिसची बिलं मागा. बिलं नाहीत पण "सगळं आपल्या खास मेकॅनिककडे केलंय" असं म्हणाला तर त्या मेकॅनिकला जाऊन भेटा.

चालवून बघताना मोकळ्या रस्त्यावर पळवण्यात अर्थ नाही, तिथे सगळ्याच ३९० भारी वाटतात. वीस मिनिटं ट्राफिकमध्ये घ्या. पहिल्या-दुसऱ्या गिअरला मिसिंग मारतेय का (मधेच ताकद तुटतेय का), सिग्नलला बंद पडतेय का, टेम्परेचर काय करतंय ते बघा. थोडा जर्क कमी आरपीएमला असतोच, एवढा मोठा एकटा पिस्टन आहे, तो दोष धरू नका. ब्रेक मारल्यावर लिव्हर थरथरली तर डिस्क वाकलीय. एबीएसचा दिवा गाडी हलल्यावर लगेच विझला पाहिजे.

कुठलं मॉडेल घ्यायचं? २०१३ ला पहिली आली ती पोटाखालच्या सायलेन्सरची, सीट बुटकी, वळणावर अगदी खेळण्यासारखी, पण आता वय झालंय आणि हेड गॅस्केटच्या तक्रारी याच गाड्यांत जास्त ऐकायला मिळतात. तिची मागची फ्रेम वेगळी निघत नाही, त्यामुळे मागून वाकलेली असेल तर विषयच संपला. २०१७ च्या मॉडेलला रंगीत डिस्प्ले, पुढे ३२० मिमीची डिस्क, १३.४ लिटरची टाकी आणि बोल्टवर बसणारी मागची फ्रेम आली, सीट मात्र ८३० मिमी उंच झाली. २०२० च्या बीएस६ ला क्विकशिफ्टर (क्लच न दाबता गिअर बदलायची सोय) मिळाला. माझं मत विचाराल तर २०१८ ते २०२२ मधली, एका हातची. २०२३ ची नवी ३९९ सीसीची गाडी फारच छान आहे, पण जुन्या बाजारात तिची किंमत अजून म्हणावी तशी उतरलेली नाही.

कागदपत्रांचं थोडक्यात. परिवहनच्या साइटवर आरसी तपासा, ई-चलन बाकी असतील तर मालकाकडून भरून घ्या (३९० वर दोन-चार असतातच), लोन असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ (आरसीवरचा कर्जाचा बोजा उतरवायचा) हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. ट्रान्सफरला फॉर्म २९ आणि ३० लागतात. घेणाऱ्याने ३० दिवसांत नावावर करायला अर्ज करायचा असतो आणि इन्शुरन्स १४ दिवसांत नावावर करून घ्यायचा असतो, लोक हा दुसरा मुद्दा विसरतात आणि क्लेमच्या वेळी अडकतात. आधीच्या मालकाचा नो क्लेम बोनस (क्लेम न केल्याबद्दलची प्रीमियममधली सूट) तुम्हाला मिळत नाही. ३५० सीसीच्या वरच्या गाडीचा थर्ड पार्टी प्रीमियम २०२२ च्या दराने वर्षाला २,८०४ रुपये अधिक टॅक्स होता, तो खर्च दरवर्षी धरा. दुसऱ्या राज्यातली स्वस्त गाडी दिसली तर एनओसी आणि इथला रोड टॅक्स मिळवून मगच हिशोब करा. एप्रिल २०१९ च्या आधीची गाडी असेल तर नवी हाय सिक्युरिटी नंबरप्लेट बसवलीय का बघा. मोठा आवाज करणारा सायलेन्सर असेल तर ओरिजिनल सोबत मागून घ्या, नाकाबंदीला चलन तुमच्या नावावर फाटणार आहे.

घरी आणल्यावर पहिल्याच आठवड्यात, कितीही चांगली दिसली तरी, कूलंट पूर्ण काढून रेडिमेड (पाणी मिसळावं न लागणारं) नवं भरा, ऑइल, ऑइल फिल्टर आणि आतल्या जाळ्या साफ, एअर फिल्टर, ब्रेक ऑइल. यासाठी गाडीच्या किमतीच्या दहा-पंधरा टक्के बाजूला ठेवूनच सौदा करा, नाहीतर सगळे पैसे गाडीत घालून मग जुन्या ऑइलवर फिरणारे मी खूप बघितलेत आणि वाईट वाटतं. पुढे कूलंट दर दोन वर्षांनी, ऑइल मी पाच हजाराला बदलतो. सकाळी स्टार्ट केल्या केल्या पिळू नका, दोन-तीन किलोमीटर शांत चालवा. तीन हजार आरपीएमच्या खाली मोठ्या गिअरला ओढू नका, इंजिन कण्हत असतं तेव्हा तेही तापतं. सिग्नल लांबचा असेल तर बंद करा. पावसाळ्यात ताम्हिणीला जाऊन आलात की घरी येऊन रेडिएटरच्या जाळीतला चिखल साध्या पाइपच्या हलक्या पाण्याने काढा, वॉशिंग सेंटरचा प्रेशर गन तिथे धरू देऊ नका, पत्र्याच्या पाकळ्या वाकल्या की हवा जात नाही.

आणि कूलंटच्या छोट्या टाकीवर मार्करने एक रेघ मारून ठेवा. दर रविवारी थंड इंजिनावर बघायचं. रेघेखाली जरासं गेलं तर भरा आणि तारीख लिहून ठेवा, महिन्यात दुसऱ्यांदा भरावं लागलं तर तिसऱ्यांदा भरू नका, गाडी उभी करा आणि मेकॅनिकला बोलवा.