ओव्हररेटेड की अंडररेटेड? वेगवेगळ्या काळातले बॅट्समन कसे जोखायचे

कोणालाही ओव्हररेटेड म्हणायच्या आधी एक काम करा, त्या बॅट्समनबद्दल लोक नेमकं काय बोलतात ते एका वाक्यात लिहून काढा. कारण इथे आपण त्याचा खेळ मोजत नाही, खेळ आणि त्याचं झालेलं नाव यात किती फरक आहे ते बघतोय. "गावसकर ग्रेट होता" हे वाक्य तपासता येत नाही. "गावसकरने हेल्मेट न घालता वेस्ट इंडिजच्या त्या खतरनाक फास्ट बॉलर्सना १३ सेंच्युऱ्या मारल्या" हे तपासता येतं आणि खरंच तपासायला हवं.

चला, हेच घेऊ. १३ सेंच्युऱ्या एकदम बरोबर. त्यातल्या ४ पहिल्याच सिरीजमधल्या, १९७१, चार टेस्टमध्ये ७७४ रन, ॲव्हरेज १५४.८०. पण तेव्हा हॉल-ग्रिफिथ ही फास्ट बॉलर्सची जोडी संपली होती आणि रॉबर्ट्स-होल्डिंग ही पुढची जोडी यायची होती. आणखी ४ आल्या १९७८-७९ मध्ये भारतात, तेव्हा त्यांचे मोठे प्लेयर केरी पॅकरच्या वेगळ्या, बंडखोर लीगमध्ये गेलेले आणि कालिचरण बाकीची टीम घेऊन आलेला. १९७६ च्या २ पोर्ट ऑफ स्पेनच्या, त्यातली एक ४०६ च्या त्या फेमस चेसमधली, पण त्या मॅचला होल्डिंग असला तरी वेस्ट इंडिजने तीन स्पिनर खेळवले होते. राहिल्या १९८३ च्या ३, आणि खरी मजा तिथे आहे. कानपूरला त्यांच्या फास्ट बॉलर मार्शलच्या बॉलवर गावसकरच्या हातातून बॅट निसटली, सगळे म्हणाले संपला, आणि पुढच्याच टेस्टला दिल्लीत त्याने ९४ बॉलमध्ये सेंच्युरी मारली. नंतर चेन्नईला तो चार नंबरवर आला तेव्हा स्कोर होता २ बाद ०, मार्शलने दोघांना शून्यावर घालवलेलं, आणि तिथून नाबाद २३६!

म्हणजे माझं मत असं की गोष्ट थोडी ताणलेली आहे, बॅट्समन नाही. गावसकरचं ॲव्हरेज भारतात ५०.१६ आणि बाहेर ५२.११ आहे, ते पण ओपनिंगला. ज्याचं बाहेरचं ॲव्हरेज घरच्यापेक्षा जास्त आहे त्याला ओव्हररेटेड म्हणायला फार मोठा पुरावा लागेल, तो मला तरी कुठे दिसत नाही. म्हणून आधी घर-बाहेर वेगळं करा, मग समोर कोण बॉलर होते ते मॅचनुसार बघा, नुसतं टीमचं नाव बघून काही कळत नाही.

आता सगळ्यात कामाची पद्धत. दोन काळांची तुलना डायरेक्ट करायचीच नाही. आधी त्या माणसाला त्याच्याच मॅचमधल्या बाकीच्यांशी लावून बघायचं, कारण पीच तेच, बॉलर तेच, हवा तीच. दिलीप वेंगसरकरचं करिअर ॲव्हरेज ४२.१३, आजचा पोरगा बघतो आणि म्हणतो ठीकठाक होता. पण १९८६ ची इंग्लंडमधली हेडिंग्ले टेस्ट काढा. इंग्लंड १०२ आणि १२८ मध्ये गुंडाळलं गेलं, आपण २७२ आणि २३७, आणि त्या पीचवर वेंगसरकरचे ६१ आणि नाबाद १०२. दोन्ही टीममध्ये मिळून बाकी एकालाही पन्नास करता आल्या नाहीत. त्याच सिरीजमध्ये लॉर्ड्सला नाबाद १२६, तिथली त्याची तिसरी सेंच्युरी, आणि पूर्ण सिरीजमध्ये ३६० रन ९० च्या ॲव्हरेजने. अशी इनिंग करिअर ॲव्हरेजमध्ये कुठेतरी बुडून जाते. मी तर त्याला बिनधास्त अंडररेटेड म्हणतो, आणि गावसकर, विश्वनाथ, कपिल असे मोठे प्लेयर आजूबाजूला असल्यामुळे त्याचं व्हायला पाहिजे तेवढं नाव झालं नाही असं मला वाटतं.

नियम आणि सामान पण बघायचं पण त्यात अडकून पडू नका. पूर्वी पाऊस पडला की इंग्लंडमध्ये पीच उघडंच असायचं, १९७७ च्या आधी हेल्मेट नव्हतं म्हटलं तरी चालेल, बाउन्सरवर लिमिट १९९१ ला आली, बॅटच्या जाडीवर लिमिट थेट २०१७ ला. जुन्या काळातला ऑस्ट्रेलियन बॅट्समन ट्रंपर, त्याचं ॲव्हरेज ३९.०४ आहे आणि त्याच्या काळातले लोक त्याला देव मानायचे, ते याच हिशोबाने वाचायचं. पण उलटी बाजू पण धरा, आज फिल्डिंग कितीतरी सुधारलीय, बॉलरकडे प्रत्येक बॅट्समनचा व्हिडिओ असतो, डीआरएसमुळे (अंपायरचा निर्णय व्हिडिओवर तपासून घ्यायची सोय) पॅड पुढे टाकून स्पिनर खेळण्याची जुनी सोय गेली. जुना काळ म्हणजे सगळंच अवघड असं काही नाही.

मॅच किती खेळला हे बघायला बरेच जण विसरतात. विनोद कांबळीचं टेस्ट ॲव्हरेज ५४.२०, पण १७ टेस्ट, आणि चारही सेंच्युऱ्या १९९३ या एकाच वर्षातल्या, तेव्हा त्यावरून कायमचा निकाल देता येत नाही, ना इकडे ना तिकडे. विजय मर्चंटच्या तर १० च टेस्ट, सगळ्या इंग्लंडविरुद्ध, मध्ये महायुद्ध आलं. मग फर्स्ट क्लासकडे (रणजीसारख्या अनेक दिवसांच्या मॅच) जावं लागतं, तिथे ७१.६४, म्हणजे ब्रॅडमननंतर दुसरा. यावर लोक म्हणतात मुंबईच्या ब्रेबॉर्न स्टेडियमच्या पाटा (बॅटिंगला सोप्या) पीचवर कोणीही रन काढेल, त्याच्या रणजीच्या ९८.७५ बद्दल हे थोडंफार मान्य, पण १९४६ च्या इंग्लंड टूरवर त्याच माणसाने २३८५ रन ७४.५३ ने काढल्यात, तिथे ब्रेबॉर्न नव्हतं. आपल्या सांगलीच्या विजय हजारेचं मात्र उत्तर टेस्टमध्येच मिळतं, ॲडलेड १९४८, समोर ऑस्ट्रेलियाचे फास्ट बॉलर लिंडवॉल आणि मिलर, आणि दोन्ही इनिंगमध्ये सेंच्युरी, ११६ आणि १४५. मर्चंट त्या टूरला गेलाच नाही, त्यामुळे दोघांमध्ये मी हजारेला वर ठेवतो.

शेवटचं म्हणजे एखादी सिरीज उचलून केस बनवू नका. मोहिंदर अमरनाथ घ्या. १९८२-८३ मध्ये पाकिस्तानात ५८४ रन, लगेच वेस्ट इंडिजमध्ये ५९८, इम्रान, मार्शल, होल्डिंग सगळ्यांना खेळून. आणि त्याच वर्षी भारतात वेस्ट इंडिजविरुद्ध सहा इनिंग्जमध्ये मिळून १ रन. ज्याला त्याला मोठं करायचंय तो पहिले दोन आकडे सांगतो, ज्याला पाडायचंय तो तिसरा. तुम्ही तिन्ही एकत्र मांडा, मग ठरवा. मी मांडून बघितलं तरी तो मला अंडररेटेडच वाटतो, कारण तेव्हाच्या त्या दोन सगळ्यात कठीण बॉलिंगसमोर, त्यांच्याच देशात जाऊन, एकामागोमाग दोन सिरीजमध्ये इतके रन काढणारा दुसरा भारतीय मला तरी आठवत नाही.