प्रकाशक म्हणाला 'निवड झाली', मग मी दहा हजार घालवले

परवा ओळखीतल्या एका मुलीचा फोन आला, ताई एका प्रकाशनाने माझा कवितासंग्रह निवडलाय, बावीस हजार भरायला सांगतायत, भरू का? मी तिला पटकन नको म्हटलं नाही आणि हो पण म्हटलं नाही, कारण मराठीत हा प्रश्न वाटतो तेवढा सरळ नाहीये. म्हणून जरा सविस्तर लिहिते, माझे पैसे गेलेच आहेत, निदान कोणाच्या तरी उपयोगी पडू देत.

मी कराडला पतसंस्थेत नोकरी करते, साहित्यातलं ओळखीचं कोणी नाही. अकरा कथा लिहून तयार होत्या. फेसबुकवर 'नवोदितांना सुवर्णसंधी' अशी जाहिरात दिसली, रविवारी रात्री पीडीएफ पाठवली आणि मंगळवारी सकाळी फोन, मॅडम, आमच्या संपादक मंडळाने एकमताने निवड केलीय. मी हवेत! कुठली कथा जास्त आवडली असं विचारलं तर म्हणाले सगळ्याच ताकदीच्या आहेत. दीड दिवसात दीडशे पानं वाचून मंडळाचं एकमत पण झालं, हे तेव्हाच खटकायला हवं होतं, पण कोणीतरी आपलं छापतोय म्हटल्यावर डोकं चालत नाही हो.

मग हिशोब आला. ३०० प्रतींचे ४५,००० रुपये. त्यात छपाई-मांडणी ३०,०००, आयएसबीएनचे (पुस्तकाचा ओळख नंबर) ५,०००, कॉपीराइट नोंदणीचे ४,००० आणि प्रकाशन समारंभाचे ६,०००. आजच्या आज १०,००० भरले तर पाच हजार सूट. भरले मी, मोबाइलवरून, दुपारच्या डब्याच्या सुट्टीत.

करार त्यानंतर आला, म्हणजे उलटं. आणि तो वाचल्यावर पोटात गोळा आला. ३०० पैकी ५० प्रती मला, बाकीच्या त्यांच्याकडे. हक्क 'कायमस्वरूपी व सर्व माध्यमांत' प्रकाशकाकडे. रॉयल्टी, म्हणजे विक्रीतला लेखकाचा वाटा, पहिली आवृत्ती संपल्यावर सुरू, आणि आवृत्ती संपली की नाही हे ठरवणार तेच. त्या अडीचशे प्रती खरंच छापल्या का हे मी कुठल्या गोडाऊनला जाऊन मोजणार होते?

मग चौकशी सुरू केली, जी पैसे भरायच्या आधी करायची असते. आयएसबीएन भारतात फुकट मिळतो. दिल्लीला केंद्र सरकारच्या शिक्षण मंत्रालयाखाली राजा राममोहन रॉय यांच्या नावाची एजन्सी आहे ती देते, अर्ज ऑनलाइन असतो, आणि स्वतः पुस्तक काढणारा लेखकही स्वतःच्या नावाने घेऊ शकतो. तो नुसता ओळख नंबर आहे, पुस्तक चांगलं असल्याचा दाखला नाही, की हक्क तुमचे असल्याचा पुरावाही नाही. कॉपीराइटचं तर अजूनच, लिहिलं तेव्हाच तो तुमचा झालेला असतो, नोंदणी सक्तीची नाही, आणि करायचीच असेल तर साहित्यकृतीची सरकारी फी ५०० रुपये. माझ्याकडून या दोन गोष्टींचे नऊ हजार घेणार होते.

पण गंमत बघा, छपाईचे ३०,००० ही लूट नव्हती. गावातल्या एका प्रेसवाल्याकडे गेले, १६० पानं, डेमी साइज (कथा-कादंबऱ्यांचा नेहमीचा आकार), ३०० प्रती म्हटल्यावर त्याने ८५ रुपये प्रत सांगितली, म्हणजे २५,५००. वर अक्षरजुळणी, मुद्रितशोधन, मुखपृष्ठ धरलं तर आकडा तिथेच जातो. त्यामुळे 'प्रकाशकाने पैसे मागितले म्हणजे तो चोर' हे मला पटत नाही. मराठीत पुस्तक खपतं किती, कित्येक आवृत्त्या पाचशेच्या किंवा तीनशेच्याच असतात, कवितेला तर छोटे प्रामाणिक प्रकाशकही लेखकाकडून खर्च घेतात आणि तसं तोंडावर सांगतात. स्वखर्चाने पुस्तक काढणं यात कमीपणा काही नाही. फक्त मग प्रती सगळ्या तुमच्या, हक्क तुमचे, आणि समोरचा माणूस छपाईची सेवा देतोय, तुमची निवड करत नाहीये. निवड केली असं सांगून बिल देतो, तिथे सावध व्हायचं.

प्रातिनिधिक काव्यसंग्रहवाले, म्हणजे अनेक कवींच्या कविता एकाच पुस्तकात छापणारे, ते पण याच जातीचे. कवितेला पाचशे रुपये, वर एक प्रत आणि सन्मानपत्र, शंभर कवी जमले की पन्नास हजार गोळा. त्या पुस्तकाला वाचक कशाला हवा, कवींनीच विकत घेतलं की.

तर मग मी काय केलं, रजा टाकून पुण्याला गेले आणि अप्पा बळवंत चौकात तीन दुकानांत त्या प्रकाशनाचं नाव घेऊन पुस्तकं मागितली. दोघांना नावच माहीत नव्हतं, तिसरे काका हसले आणि म्हणाले, त्यांचं गिऱ्हाईक वेगळं असतं. एका वाक्यात सगळं आलं. दुसरं म्हणजे त्यांनीच काढलेल्या दोन पुस्तकांच्या लेखकांना फेसबुकवर शोधून मेसेज केला, रॉयल्टी मिळाली का एवढंच विचारलं. एकाने उत्तर दिलं नाही, दुसऱ्याने तासभर फोन केला, बिचारा दोन वर्षं कोणाशी बोलला नव्हता याबद्दल.

कराराचं कायद्यात पण आहे, १९५७ चा कॉपीराइट कायदा, कलम १९. हक्क दिले हे लेखी आणि सहीनिशी लागतं. मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरतात, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. आणि हक्क घेऊन वर्षभर काहीच केलं नाही तर, करारात वेगळं लिहिलेलं नसेल, ते हक्क आपोआप परत येतात. म्हणून तर असले लोक 'कायमस्वरूपी' शब्द घालतात. मी सही केली नव्हती एवढंच नशीब.

नंतर एका छोट्या प्रकाशकाकडे फाइल पोस्टाने पाठवली. सात महिने काही नाही, मी विसरले पण होते. मग पार्सल आलं, पेन्सिलीच्या खुणांनी भरलेलं, तीन कथा काढा, एकीचा शेवट पुन्हा लिहा. रडले मी त्या रात्री. पण कथा वाचल्या होत्या त्यांनी! करार दोन पानी, मुदत पाच वर्षं, आवृत्ती ५०० ची, किंमत २२० आणि रॉयल्टी १० टक्के, म्हणजे प्रतीमागे २२ रुपये. एक अट होती, १०० प्रती मी चाळीस टक्के सवलतीत घ्यायच्या, त्यावर रॉयल्टी नाही. हे पण पैसे देणंच झालं, १३,२०० रुपये, पण शंभर पुस्तकं माझ्या घरी आली आणि मी ती विकली. पहिल्या वर्षीचा हिशोब १३७ प्रतींचा आला, ३,०१४ रुपये.

त्या मुलीला मी एवढंच सांगितलं की आधी करार मागव, कुठली कविता आवडली ते विचार, आणि महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची पहिल्या पुस्तकासाठी नवलेखक अनुदान योजना असते, तिथे पण अर्ज टाक, वेळ लागतो पण पैसे तुझे जात नाहीत.

माझे दहा हजार काही परत आले नाहीत. त्यांचे मेसेज मात्र येतात, गेल्या दिवाळीत पण आला, मॅडम, आपल्या कवितासंग्रहाची निवड झालेली आहे. मी आयुष्यात कविता लिहिलेली नाही.