सांगलीच्या गच्चीवर संध्याकाळची बैठक कशी उभी करावी

सांगली-मिरजेकडच्या बहुतेक बंगल्यांत सगळ्यात मोठी मोकळी जागा असते ती गच्चीची. तिथं टाकी असते, सोलर असतो, मोडका पलंग आणि रंगाचे रिकामे डबे असतात. माणसं वर जातात ती उन्हाळ्यात गाद्या टाकायला. खरं तर पावसाळा सोडला तर वर्षभर संध्याकाळी बसायला घरात याहून चांगली जागा नाही. तिच्यावर खर्च करायचं ठरवलं असेल, तर पहिला पैसा कुणाला दिसणारही नाही अशा ठिकाणी घालावा लागतो. फरशीखाली.

१. रिकामी करा आणि नुसतं बसा

अडगळ खाली उतरवा. मग एप्रिलमध्ये दोन-तीन संध्याकाळी खुर्ची टाकून बसा आणि ऊन कुठून डोळ्यांवर येतं, वारा कुठून लागतो, शेजारची खिडकी कुठं उघडते ते पाहा. सांगली साधारण १७ अंश अक्षांशावर आहे. मेच्या ७-८ तारखेच्या सुमारास सूर्य भर दुपारी थेट डोक्यावर येतो आणि मावळताना पश्चिमेच्या जरा उत्तरेकडे सरकलेला असतो. त्यामुळं संध्याकाळी बसणाऱ्याला आडोसा हवा तो पश्चिम आणि वायव्य बाजूला. खडूनं जागा आखून घ्या, टाकी, पाइप आणि पाणी जाण्याची तोंडं त्यात दाखवा.

२. पाण्याची वाट

याच कामात सगळ्यात जास्त वेळ घाला. पाऊस पडून गेला की गच्चीवर कुठं डबकी राहतात तिथं खुणा करून ठेवा. पाणी जायला दहा फुटांना साधारण सव्वा इंच उतार हवा. तो नसेल तर जुना कोबा काढून विटांच्या तुकड्यांचा नवा कोबा उताराला धरून घालावा. कठडा आणि गच्ची जिथं मिळतात तो कोपरा काटकोनात न ठेवता गोलाईत भरून घ्या. गळती बहुतेक वेळा तिथूनच सुरू होते. वॉटरप्रूफिंग झालं की फरशी बसवायची घाई करू नका. पाण्याची तोंडं बोळे घालून बंद करा, दोन इंच पाणी साठवा आणि दोन दिवस खालच्या खोल्यांचं छत तपासा. मिस्त्री म्हणेल, "काय गरज न्हाई". तरी करा.

हे काम जानेवारी ते मार्चमध्ये उरका. मे महिन्यात कोबा झपाट्यानं सुकून तडकतो, आणि वळीव कधी येईल सांगता येत नाही.

३. वजन

आयएस ८७५ या भारतीय मानकात, ये-जा असलेल्या सपाट छतासाठी चौरस मीटरला साधारण १५० किलो भार धरला आहे. एक फूट जाडीचा ओल्या मातीचा थर तेवढ्याच जागेत ५०० किलोपर्यंत जातो. म्हणजे स्लॅबच्या मधोमध मातीचे वाफे करायचे नाहीत. मोठ्या कुंड्या खालच्या भिंती आणि बीम जिथून जातात तिथंच ठेवा, आणि माती हलकी करा: निम्मं कोकोपीट, बाकी माती आणि उसाच्या पाचटाचं कुजलेलं खत. पाचट आपल्याकडं मुबलक आहे. जतकडच्या जुन्या घरांसारखं माळवद, म्हणजे लाकडावर माती घातलेलं सपाट छत असेल, तर त्यावर असलं काही करूच नका. शंका असेल तिथं इंजिनिअरला विचारा.

४. फरशी

चकचकीत टाइल दुकानात छान दिसते, पावसात त्यावरून पाय घसरतो. काळा कडप्पा उन्हात पाय भाजतो. माझी पसंती पॉलिश न केलेल्या शहाबादीला. बैठकीच्या जागेपुरती ती घाला आणि उरलेल्या गच्चीवर पांढरी चायना मोझॅक. पांढऱ्या रंगानं खालची खोलीही कमी तापते.

५. मांडव

इथं सांगलीकरांना वेगळं कुठं शिकायला जायची गरज नाही. तासगाव भागातले द्राक्षांचे मांडव पाहा: लोखंडी अँगल, ताणलेली तार, बस्स. तेच गच्चीवर करा. खांब कठड्यातल्या कॉलमला धरा किंवा काँक्रीटच्या ठोकळ्यात रोवा; वॉटरप्रूफिंग झालेल्या गच्चीला भोकं पाडू देऊ नका. तारेवर ५० टक्के सावलीची हिरवी शेडनेट हुकांवर सरकती बसवा, कारण वळवाच्या वाऱ्यात बांधून ठेवलेली जाळी अँगलसकट ओढली जाते. साताऱ्याला पाऊस आणि वारा दोन्ही जास्त. चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्या उगाच उभारलेल्या नाहीत. तिथं मेअखेरीस जाळी उतरवून गुंडाळून ठेवावी.

वायव्येच्या आडोशाला मधुमालती चढवा. द्राक्षवेलीची हौस मात्र आवरा. पावसाळ्यात डाऊनी या बुरशीजन्य रोगासाठी फवारण्या कराव्या लागतात, आणि आपण बसतो त्या जागी औषध मारणं बरं नव्हे.

६. बसायची जागा

कठड्याला लागून सिमेंटचा कट्टा सगळ्यांनाच आवडतो. पण कठडा सव्वातीन फूट आणि कट्टा दीड फूट असेल, तर कट्ट्यावर उभ्या राहिलेल्या पोरासाठी कठडा पावणेदोन फुटांचाच उरतो. म्हणून तिथं कठड्यावर लोखंडी रेलिंग चढवा, नाहीतर कट्टा जिन्याच्या खोलीच्या भिंतीला घ्या. त्यावर सोलापुरी चादर आणि दोन तक्के एवढं पुरतं; सोफ्यासारखं फोमचं सामान एका पावसात वाया जातं.

७. झाडं आणि उजेड

प्रकार कमी ठेवा आणि एकेकाच्या चार-चार कुंड्या करा: मोगरा, बोगनवेल, गवती चहा, तुळस. कुंड्या विटांवर किंवा स्टँडवर ठेवा, म्हणजे खालून पाणी वाहून जातं. कठड्याच्या भेगेत वड-पिंपळाचं रोप दिसलं की दोन पानांवर असतानाच उपटा.

दिवे पिवळसर, गुडघ्याच्या उंचीवर आणि कट्ट्याखाली लावा. डोक्यावरचा पांढरा फ्लडलाइट बैठकीची मजा घालवतो आणि त्याला किडेही जास्त जमतात. वायर पाइपातूनच न्या आणि या लाइनला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की वीज तोडणारा स्विच, बसवून घ्या.

पूर्वेकडचा एक कोपरा फरशी धुऊन पूर्ण मोकळा ठेवा. तिथं सकाळपासून ऊन लागतं, आणि मार्च उजाडला की घरातल्या बायका कुरडया, सांडगे वाळत घालायला जागा मागणारच.