टोलेडो बेंडच्या बुडालेल्या झाडांत गळ अडकू नये म्हणून

टेक्सास आणि लुइझियाना यांच्या सीमेवर सबीन नदी अडवून 1960 च्या दशकात टोलेडो बेंड जलाशय तयार झाला, तेव्हा तिथले बरेचसे जंगल उभेच बुडाले. लार्जमाउथ बास हा शिकारी मासा याच खोडांच्या आडोशाला दबा धरून बसतो, आणि उघडा गळ तिथे हमखास लाकडात रुततो. म्हणून दोरीत आधी बंदुकीच्या गोळीसारखे निमुळते, सरकते वजन ओवावे, मग मानेशी दुमडलेला गळ बांधावा आणि तो आमिष म्हणून लावायच्या रबरी गांडुळाच्या डोक्यातून थोडासा आत घालून बाजूने बाहेर काढल्यावर, फिरवून त्याचे टोक गांडुळाच्या अंगातच लपवावे. गांडूळ सरळ लोंबले पाहिजे. जरासे मुरडलेले राहिले तरी ओढताना ते गरगरते आणि दोरीला पीळ बसतो.

फेकल्यावर घाई करू नये. पुष्कळदा मासा आमिष बुडत असतानाच उचलतो, त्यामुळे नजर दोरीवर हवी: ती टचकन हलली किंवा आमिष तळाला टेकण्याआधीच थांबली, की ढिली दोरी गुंडाळून काठी जोराने वर खेचावी, कारण गळाच्या टोकाला आधी रबर आणि मगच माशाचा जबडा भेदायचा असतो. बोट मात्र खोडांमधून अगदी सावकाश न्यावी. पाण्याखालचे बुंधे वरून दिसत नाहीत.