गोव्यातील अनोळखी चर्चमध्ये मिस्सेला जाताना

जुन्या गोव्यातील बॉम जेझू बॅसिलिका पाहणे आणि एखाद्या गावच्या चर्चमध्ये रविवारच्या मिस्सेला, म्हणजे कॅथलिकांच्या सामूहिक उपासनेला बसणे, या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. मिस्सेच्या वेळा फलकावर लावलेल्या असतात. दहा मिनिटे आधी पोहोचावे, खांदे व गुडघे झाकणारे कपडे घालावेत आणि मागच्या बाकावर बसावे, म्हणजे इतरांना पाहून उठता-बसता येते. कम्युनियन, म्हणजे पवित्र केलेली भाकर ग्रहण करणे, हा कॅथलिक श्रद्धावंतांचा संस्कार असल्याने इतरांनी त्यासाठीच्या रांगेत न जाता जागेवरच थांबावे. त्यात संकोच नको.

उपासनेच्या शैलीकडे मात्र सावकाश लक्ष द्यावे. कॅथलिक चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेपर्यंत (१९६२–६५) लॅटिनमध्ये होणारी मिस्सा आज बहुतेक ठिकाणी कोकणीत होते, त्यामुळे मराठी कानाला शब्द ओळखीचे वाटतात, जरी स्तोत्रांची चाल पाश्चात्त्य वळणाची असली तरी. शांतीची खूण म्हणून शेजारी हात जोडून नमस्कार करतो, तेव्हा आपणही तसेच करावे. आपल्याकडच्या भजनात सगळे एका लयीत रंगतात. इथे मात्र धर्मगुरू आणि समुदाय यांच्यात वाक्यागणिक प्रतिसाद चालतो, आणि मधली शांतताही उपासनेचाच भाग असते. घरी परतल्यावर, वेदीची सजावट आठवण्याआधी, त्या शांततेत आपले मन कुठे होते ते लिहून ठेवावे.